आधी आंघोळ, मग नाव

ज्याला घर नाही अशा इसमाचा सरकारी दप्तरात प्रवेश बहुधा त्याच्या मृत्यूनंतर होतो. उमेदीची सारी वर्षे सौंसरच्या तहसील कचेरीत खसरे, नकला आणि फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला हे विधान करण्याचा थोडाबहुत अधिकार आहे, असे मी समजतो. शिधापत्रिका मागावयाची तर ठिकाणा हवा, मतदारयादीत नाव घालावयाचे तर ठिकाणा हवा, जामिनावर सुटावयाचे म्हटले तरी ठिकाणा हवा. आणि ज्याच्यापाशी तो नाही, त्याच्यापुढे थबकलेली कचेरीची लेखणी जी पुन्हा चालू लागते ती एकदम पंचनाम्याच्या वेळी: वय अंदाजे पंचेचाळीस, बांधा सडपातळ, अंगावर मळकट सदरा, मनगटावर गोंदलेले, वारस नाही. १९५६ नंतर आमच्या कचेरीची भाषा हिंदी झाली आणि घरातली मराठीच राहिली. त्यामुळे असा माणूस कागदावर लावारिस ठरतो आणि गावात बेवारस, पण त्याच्याविषयी हळहळण्याची सवड दोन्ही भाषांना तो गेल्यावरच मिळते.

पांढुर्णा हे उत्तर-दक्षिण जोडणाऱ्या नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे गाव. रात्रीच्या गाड्या येतात-जातात, आणि फलाटाच्या ज्या टोकाला दिव्याचा उजेड पुरता पोहोचत नाही तेथे, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला, चारदोन माणसे कायमची झोपलेली असतात. त्यांतले काही मंडीतले हमाल, काही कोठून तरी उतरलेले आणि पुढे जाण्याचे विसरलेले, आणि काही तर याच गावचे, ज्यांची घरे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहेत. या शेवटच्या वर्गाविषयीच मला लिहावयाचे आहे; कारण परगावचा माणूस निराश्रित झाला तर त्याचे खापर दैवावर फोडता येते, परंतु स्वतःच्या गावात, स्वतःच्या भावकीच्या डोळ्यांदेखत जो रस्त्यावर येतो, त्याच्या बेघरपणात आपणा सर्वांची थोडीथोडी सही असते.

आमच्या या पट्ट्यात दारू ही काही नवी वस्तू नव्हे. सातपुड्याच्या उतारावर मोहाची झाडे आहेत, गोंडांच्या देवकार्यात त्या फुलांच्या दारूला मान आहे, आणि तिच्या मर्यादाही त्यांच्या रीतीने ठरलेल्या आहेत. तिला दोष देण्याचा शहरी शहाणपणा मी करणार नाही. प्रश्न येतो तो आबकारीच्या ठेक्यावरच्या, वर्षाचे बाराही महिने मिळणाऱ्या आणि कोणत्याही देवकार्याशी संबंध नसलेल्या दारूचा. संत्र्याचा बहार उतरला की मंडीत हातोहात पैसा खेळतो, बहार संपला की हात रिकामे होतात. आणि या दोन्ही अवस्थांना दुकानात सारखाच प्रवेश असतो. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेश सरकारने दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले. हेतू स्तुत्य होता. अहात्यात बसणारे मात्र त्यामुळे घरी गेले नाहीत, ते जाम नदीच्या काठी जाऊन बसले.

मनुष्य घरातून रस्त्यावर येतो तो एका रात्रीत नव्हे, ठरलेल्या क्रमाने, आणि तो क्रम मी कागदावर पाहिलेला आहे. आधी पगार जातो, मग पत. मग पत्नी मुलांना घेऊन माहेरी जाते. मग धाकटा भाऊ समजूतदारपणे हिस्सा विकत घेतो आणि खरेदीखताच्या आधारे फेरफाराची नोंद होते. मग ओसरी, मग देवळाचा पार, मग फलाट. माझ्या एका दूरच्या मामेभावाच्या बाबतीत यातली फेरफाराची नोंद माझ्याच टेबलावरून गेली. तो पांढुर्ण्याच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होता, हिशेबात चोख, अक्षर वळणदार. शेवटी शेवटी सकाळी तो घरी येई तेव्हा वहिनी त्याला चहा देत असत. हाताचा कंप इतका असे की कप उचलला तर अर्धा चहा अंगावर सांडे. म्हणून तो बशी जमिनीवर ठेवी, दोन्ही हात पाठीमागे घेई, आणि ओणवा होऊन बशीला ओठ लावी. एकदा हे त्याच्या मुलीने पाहिले. त्यानंतर तो चहाला आला नाही.

त्याला वाचविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सौंसरजवळ जामसावळीस मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. तेथील मूर्ती पहुडलेली आहे, तिच्या नाभीतून पाझरणारे जल तीर्थ म्हणून मिळते, आणि मनाचे आजार जडलेल्या माणसांना घेऊन त्यांचे आप्त दूरदूरहून येतात, दिवसेंदिवस आवारात मुक्काम करतात. या स्थानाला हसणाऱ्या सुशिक्षितांत मी नाही. ज्याला गावाने टाकले त्याला देवाच्या दारी बसू देणारी ही व्यवस्था, कोणत्याही सरकारी योजनेच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. परंतु तेथे रोग्याबरोबर आप्त लागतो. त्याला धरून आणणारा, अंगारा लावणारा, रात्री उशाशी बसणारा कोणीतरी लागतो. ज्याचा शेवटचा आप्तही कंटाळून घरी गेला आहे त्याने कोठे जावे? मामेभावाला त्याच्या थोरल्या भावाने तेथे नेले, आठवडाभर राहविले, आणि शेतीची कामे खोळंबली म्हणून परत आणले. त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमारास तो गावातून नाहीसा झाला.

पुढची हकीकत मला त्याच्याच तोंडून कळली, आणि ती कळेपर्यंत बराच काळ गेला. तो मुंबईस गेला होता. तेथे पुलाखाली, बाजारात, धक्क्याजवळ असा कोठे कोठे राहिला. आणि एका पावसाळ्यात पायाला जखम होऊन पडलेला असताना कोणी दोघांनी उचलून त्याला एका ख्रिस्ती आश्रयगृहात नेले. तेथे पहिल्या दिवशी काय झाले, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "पयले मले आंघोळ कराले लावली, मंग जेवाले देल्लं, आन् मंग नाव इचारलं." मी कारकून मनुष्य, अर्जावर नावाचा रकाना सर्वांत वर असतो, हे माझ्या हाडामांसात भिनलेले. आंघोळ आधी आणि नाव नंतर, हा क्रम ऐकून मी काही वेळ गप्प राहिलो.

तेथली दिनचर्या त्याने सांगितली तीत चमत्कार असा काही नव्हता. पहाटे उठणे, अंथरुणाची घडी, प्रार्थना, झाडलोट, स्वयंपाकघरात पाळी, दुपारी काम, संध्याकाळी वर्तुळात बसून ज्याने त्याने आपली कर्मकथा सांगणे. पहिले काही दिवस मात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली काढले. आणि हे महत्त्वाचे आहे, कारण वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वात होतो, नाही ती माणसे आणि किडेमुंग्या दिसू लागतात, झटके येतात, आणि योग्य औषध मिळाले नाही तर माणूस दगावूही शकतो. घरात कोंडून दारू सोडविणारे नातेवाईक हे जाणत नाहीत. प्रार्थनेविषयी मी जरा खोदून विचारले, तेव्हा त्याने सांगितले, "बसा लागे. पन डोये मिटून म्या कोनाचं नाव घेतो, हे कोनी इचारलं नाही." तो जामसावळीच्या मारुतीचे नाव घेत असे. मध्यंतरी तो तेथून पळाला, प्याला, आणि रात्री त्याच दाराशी येऊन पडला. सकाळी त्याला पुन्हा आधी आंघोळ घातली गेली.

या पुन्हाच्या आंघोळीतच मला त्या साऱ्या कार्याचे मर्म दिसते. दारू सोडविण्यास उपदेश लागतो, औषध लागते, पण सर्वांहून अधिक लागते ते दुसऱ्यांदा, पाचव्यांदा उघडणारे दार. आणि ते उघडण्याचे सामर्थ्य रक्ताच्या नात्यात बहुधा उरत नाही, कारण नात्याची सहनशक्ती आधीच खर्ची पडलेली असते. ख्रिस्ती मंडळींना ही सहनशक्ती त्यांच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांताने शिकविली असावी. त्यातला बाप मुलाची क्षमायाचना पुरती ऐकूनही घेत नाही, तो दुरूनच धावत सुटतो. आपल्याकडचा बाप ओसरीवर बसून राहतो.

मुंबईत या कार्याला आता जुनी परंपरा आहे. १८८२ साली फ्रेडरिक बूथ-टकर हे इंग्रज गृहस्थ सनदी नोकरीचा राजीनामा देऊन मुक्तिफौजेचे आणखी तीन शिलेदार घेऊन मुंबईस उतरले, भगवी वस्त्रे घालून फकीरसिंग म्हणून वावरले; त्यांच्या पंथाचा संस्थापक विल्यम बूथ याने लंडनच्या दरिद्री वस्तीत अन्न आणि आसरा यांच्यावाचून धर्मोपदेश व्यर्थ आहे, हे ओळखून कार्य उभारले होते. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जोसेफ परेरा यांनी 'कृपा' ही संस्था व्यसनाधीनांसाठी काढली, आणि तिचे कार्य पुढे वसईत, जेथील ख्रिस्ती कुटुंबे घरात मराठीच बोलतात, आणि अन्यत्रही पसरले. मौज अशी की हे कॅथलिक धर्मगुरू पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. व्यसनमुक्तीसाठी आलेल्यांना ते आसने आणि प्राणायाम शिकवितात. सरकारने २००९ साली त्यांना पद्मश्री दिली. ज्यांना धर्माच्या सीमारेषा आखीव लागतात, त्यांची अशा ठिकाणी फार अडचण होत असेल.

आणि जगभर पसरलेल्या ज्या मद्यपी बंधुसंघाच्या सभा आज नागपुरात, पुण्यात, मुंबईत मराठीतून भरतात, त्याचे मूळही असेच एका आश्रयगृहाच्या पायरीशी जाऊन पोहोचते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. न्यूयॉर्क शहरात कॅल्व्हरी चर्चने निराश्रितांसाठी एक निवारा चालविला होता. १९३४ साली एबी थॅचर नावाचा एक दारुडा तेथे राहत होता; तात्पुरता सावरलेला हा मनुष्य आपल्या जुन्या मित्राच्या, बिल विल्सनच्या घरी गेला आणि आपण कसे सावरलो ते त्याला सांगून आला. थोड्याच दिवसांनी विल्सन स्वतः पिऊन त्या निवाऱ्यात जाऊन आला, त्याच डिसेंबरात रुग्णालयात दाखल झाला, आणि त्यानंतर १९७१ साली मरेपर्यंत त्याने मद्याला स्पर्श केला नाही. १९३५ साली त्याने डॉ. बॉब स्मिथ यांच्याबरोबर तो संघ स्थापन केला. भारतात तो १९५७ साली आला. पण मला विल्सनपेक्षा एबी थॅचरविषयी अधिक कुतूहल वाटते. ज्याने दिवा दुसऱ्याच्या हाती दिला तो स्वतः पुढे वारंवार पडला, सावरला, पुन्हा पडला. विल्सन त्याला अखेरपर्यंत आपला गुरू म्हणत राहिला. यशाचे हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या तक्त्यात एबी हा अपयशाच्या रकान्यात पडला असता.

आपल्या मराठी मुलखात मात्र या विषयाची अधिष्ठात्री म्हणून मला पंडिता रमाबाईच आठवतात. त्या स्वतः निराश्रित होत्या, हे आपण त्यांच्या विद्वत्तेच्या तेजात विसरून जातो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पाठोपाठ तीर्थामागून तीर्थे हिंडत त्यांचे बालपण गेले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावून, भावाबरोबर पायी फिरत, १८७८ साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. पुढे इंग्लंडात असताना वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथील आश्रयगृह दाखविले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे ज्या ममतेने वागविले जात होते ते पाहून आपले मन ख्रिस्ती धर्माकडे वळले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणारी ही विदुषी हरली ती वादात नव्हे; एका आश्रयगृहाच्या खोल्या पाहून हरली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या आमच्या या मध्य प्रांतात आल्या. भुकेलेल्या, अनाथ मुली आणि विधवा शोधून सुमारे तीनशे जणींना त्यांनी आपल्याबरोबर नेले. त्या केडगावच्या माळावरच्या मुक्तिसदनात पोहोचल्या, जेथे १९०० च्या सुमारास राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. तेथे छापखाना होता, विणकाम होते, शेती होती, आणि फुलहॅमच्या धर्तीवर टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. या मुलींमध्ये आमच्या सातपुड्याच्या कुशीतल्याही कोणी असतील, असे मला नेहमी वाटत आले आहे.

येथे वाचक जो प्रश्न विचारील तो मी टाळणार नाही. भाकरीच्या मागे बाप्तिस्मा दडलेला असतो काय? हा प्रश्न रमाबाईंना १८९३ साली पुण्यात विचारला गेला, केसरीने त्यांच्यावर कोरडे ओढले. आमच्या प्रांतात तर तो सरकारनेच विचारला: १९५४ साली, राजधानी नागपूर असताना, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली, तिने १९५६ च्या अहवालात शाळा, इस्पितळे, अनाथालये यांच्याद्वारे होणाऱ्या धर्मांतरावर कठोर ताशेरे मारले, आणि १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, २०२१ साली तो अधिक कडक झाला. प्रश्न गैरवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. भुकेल्याच्या श्रद्धेचा सौदा करणे हे पापच. परंतु मुंबईच्या पुलाखाली जखमी पाय घेऊन पडलेल्या आमच्या मामेभावाजवळून त्या पावसाळ्यात सर्व धर्मांची माणसे गेली असणार. विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. पण तो बजावण्यापूर्वी शेजारी एक खाट टाकावी आणि तिच्यावर कोणाला तरी निजवावे, एवढी अट मी घालीन.

अशी खाट टाकणारे आपल्यात झाले नाहीत, असेही नाही. गाडगे महाराज आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले, आणि मुलाने पुढे घर सोडून, हाती खराटा घेऊन, इतरांसाठी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या. कीर्तनाकीर्तनातून दारूची निंदा केली. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांचे मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, त्यामागे पु. ल. देशपांड्यांची देणगी आहे. पण धर्मशाळा यात्रेकरूला आणि रोग्याला आसरा देते. पिऊन आलेल्याला तिचा रखवालदार फाटकातूनच परत पाठवितो, आणि नियमाप्रमाणे त्याचे बरोबरच असते. आणि मुक्तांगणापर्यंत पोहोचायला घरचे कोणीतरी बरोबर लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या पाहणीप्रमाणे दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकाला काही ना काही उपचार मिळतो, आणि संस्थेत दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० पैकी एकाला. बाकीचे फलाटावर, पारावर आणि नदीकाठी आहेत.

मामेभाऊ परत आला तेव्हा त्याचे हात स्थिर होते. गावाने त्याचे स्वागत कसे केले हे विस्ताराने सांगण्यासारखे नाही. भावाने जेवायला घातले आणि रात्री कपाटाची किल्ली कमरेला लावून झोपला. मंडीतल्या एका व्यापाऱ्याने पेट्या मोजण्याचे काम दिले, पैशाला हात लावू दिला नाही. तो खिरस्ताव झाला काय, हे मात्र सर्वांनी विचारले. त्याच्या गळ्यात क्रूस नव्हता, हे पाहून काहींची निराशाच झाली असावी. मुलीच्या लग्नाला त्याला बोलावणे गेले; तो मांडवात न बसता आचाऱ्यांच्या मागे वाढपाच्या कामात राहिला. आश्रयगृहात सकाळची पाळी कोणाची आहे हे ठरवून काम करण्याची सवय त्याला लागली होती.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात आली. आता जिल्हाधिकारी कचेरी होईल, कोषागार होईल, न्यायालय आणि विश्रामगृह होईल. सरकारी शिरस्त्याप्रमाणे हे सारे यथाकाल होतच असते. परंतु शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा सरकारी दंडक लाख वस्तीमागे एक असा आहे, आणि आमची दोन्ही गावे मिळूनही लाखाच्या आतच. तेव्हा नियमाने निवारा आमच्या वाट्यास येणे कठीण. तो गावालाच उभारावा लागेल. जामसावळी देवस्थानाने जागा दिली, छिंदवाड्याच्या लुथरन चर्चने, ज्याचे पाढरचे इस्पितळ बैतूल जिल्ह्यात इतकी वर्षे रोग्यांची सेवा करीत आहे, माणसे शिकवून दिली, आणि मंडीतल्या व्यापाऱ्यांनी पूर्वी धर्मादाय काढीत तसा पेटीमागे एक रुपया बाजूला काढला, तर वीस खाटांचे घर चालणे अशक्य नाही. ज्यांना यात हात घालावासा वाटेल त्यांनी आधी इमारतीचा नकाशा काढीत बसू नये. पहिल्या दहा दिवसांसाठी एका डॉक्टरचा आणि गरम पाण्याचा बंदोबस्त करावा. नावाची वही मागाहून घालता येईल. ती लिहिण्याचे काम मी विनावेतन करीन.